डबल बेल आणि फऱ्याचं हाड

रविवारी मटण आणायला गेलो की खाटकाला माझं ठरलेलं वाक्य असायचं, "पुढचा फरा दे." त्या फऱ्यात एक चपटं, तिकोनी हाड येतं. रश्श्यात उकळून ते पांढरं पडतं आणि आमची आई ते पातेल्यातून काढून चाळीतल्या कुत्र्यासाठी बाजूला ठेवते. असलंच हाड माझ्याही पाठीत आहे, उजवीकडे एक, डावीकडे एक, आणि त्याच्या आकारावरून कुणीतरी माझं ऑपरेशन ठरवेल, हे वयाच्या ५१व्या वर्षापर्यंत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मी मुंबईत बेस्टच्या लाल बसमध्ये कंडक्टर. राहायला काळाचौकीला. जुन्या गाड्यांतून ज्यांनी प्रवास केलाय त्यांना छताखालून गेलेली ती दोरी आठवत असेल. एकदा ओढली की ड्रायव्हर थांबणार, दोनदा ओढली की निघणार. सिंगल बेल, डबल बेल. गर्दीत कंडक्टर असेल तिथूनच हात वर करतो, दोरी कुठे आहे ते बघावं लागत नाही. दुखणं सुरू झाल्यावर एका रात्री झोप येत नव्हती म्हणून मी हिशेब मांडला. एका फेरीत ३५ स्टॉप धरले आणि दिवसाच्या ६ फेऱ्या धरल्या, तर २१० वेळा थांब आणि २१० वेळा चल. चल म्हणजे दोन ओढे. एकूण ६३०. आणि हे एका दिवसाचं. नोकरीला तेव्हा २६ वर्षं झाली होती. पुढचा गुणाकार मी केला नाही.

जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आलं. शेअर टॅक्सीत बसणारी माणसं परत बसकडे वळली. गाडी भरलेली असली की कंडक्टरला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण ऑगस्टच्या मध्यावर एक दिवस दोरीला हात घातला आणि उजव्या खांद्याच्या बाहेरच्या बाजूने कोपराकडे अशी कळ गेली की डबल बेलच्या जागी सिंगलच वाजली. गाडी निघेचना. ड्रायव्हरने आरशातून बघितलं.

मला वाटलं उसण भरली. निर्गुडीचा पाला गरम करून बांधला, आंबेहळद लावली, लालबागच्या एका मालिशवाल्याने तेल लावून असा काही रगडला की दोन दिवस चहाचा कप डाव्या हाताने धरावा लागला. दुखणं हटेना. त्याची एक खोड माझ्या लक्षात आली होती. हात खाली असला की काही नाही. कानापाशी सरळ वर नेला, तरी फार नाही. मधल्या पट्ट्यात, म्हणजे खांद्याच्या थोडं खाली ते थोडं वर, तिथेच कळ. आणि दोरी नेमकी त्याच पट्ट्यात. सदऱ्याच्या बाहीत हात घालताना, माळ्यावरचा डबा काढताना, मागच्या खिशातून पाकीट काढताना. रात्री उजव्या कुशीवर वळलो की जाग यायची, मग गॅलरीत येऊन बसायचो.

चाळीखालच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, दोन आठवड्यांनी एक्स-रे काढायला लावला आणि एका खासगी हाडांच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. त्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला, पेनाच्या टोकाने खांद्याच्या वरचा भाग दाखवला आणि म्हणाले, "हे छप्पर बघा. याला अ‍ॅक्रोमियन म्हणतात. काहींचं सपाट असतं, काहींचं वाकलेलं असतं, तुमचं पुढे आकड्यासारखं खाली वळलंय. टाइप थ्री. खालून स्नायूची दोरी जाते, ती हात उचलला की याच्यावर घासते. विहिरीच्या काठावर दोर घासून झिजतो ना, तसं." दुर्बिणीतून तो आकडा तासून सपाट करायचा, दुसऱ्या दिवशी घरी. मेडिक्लेम आहे का, तेही विचारलं. माणूस सभ्य होता, दहा मिनिटं नीट समजावून सांगितलं.

एक गोष्ट कबूल करतो. त्या दिवशी बाहेर पडताना मला बरं वाटत होतं. म्हणजे चूक माझी नाही, कामाची नाही, वयाचीही नाही. हाडच तसं आहे. डेपोत मी दोन-चार जणांना सांगूनही टाकलं की आपलं हाड टाइप थ्री आहे, जणू काही बढतीच मिळाली होती. आईने ऐकलं आणि म्हणाली, "तुझ्या बापाचाही खांदा असाच धरायचा." झालं, खानदानी हाड.

आता सई. माझ्या धाकट्या भावाची मुलगी, फिजिओथेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होती. गणपतीनंतर ती आमच्याकडे राहायला आली, कारण तिचं कॉलेज इथून जवळ पडतं. सोबत एक पत्र्याची पेटी होती. पेटीत सीनियरकडून मिळालेली हाडं होती, खरी. आईला कळलं तेव्हा घरात जो प्रकार झाला तो सांगण्यासारखा नाही. "देव्हारा आहे समोर, आणि मेलेल्या माणसाची हाडं आणतेस?" तडजोड अशी झाली की पेटी गॅलरीत, चपलांच्या रॅकवर राहील आणि तिच्यावर जुनी चादर टाकलेली असेल. मी रात्री जागा व्हायचो तेव्हा शेजारी तीच पेटी.

एका रात्री सई अभ्यासाला बसली होती. मी म्हटलं, "त्यात खांद्याचं आहे का गं?" तिने चादर सारून हाड माझ्या हातात दिलं. वजन नव्हतंच. खाटकाकडचा फरा जाड, लांबट असतो. हे रुंद, तिकोनी, आणि मधला भाग इतका पातळ की गॅलरीतल्या बल्बसमोर धरल्यावर आरपार तांबूस उजेड दिसला. मागच्या बाजूने एक आडवा कणा निघतो, तो बाहेर जाऊन रुंद होतो आणि खांद्यावर छपरासारखा पुढे झुकतो. हे ते अ‍ॅक्रोमियन. पुढच्या बाजूला बोटासारखी एक चोच. तिचं नाव कोरॅकॉइड, कावळ्याच्या चोचीसारखी म्हणून. पितृपक्ष चालू होता, म्हणून मी आईला हे सांगितलं नाही. आणि बाहेरच्या कोपऱ्यात एक उथळ बशी, अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडी मोठी. दंडाच्या हाडाचा गोळा या बशीत बसतो.

"बसतो म्हणजे टेकतो," सई म्हणाली. "बशीत संत्रं ठेवल्यासारखा. म्हणून खांदा इतका फिरतो आणि म्हणूनच इतका निखळतो. गोळ्याला बशीत धरून ठेवायला चार लहान स्नायू आहेत, त्यांना रोटेटर कफ म्हणतात. या छपराखालून जातो तो सुप्रास्पायनेटस. बिचारा सगळ्यात आधी तोच फाटतो."

मला खरं आश्चर्य वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. हे एवढं हाड, पण सांगाड्याला ते जोडलंय फक्त गळ्याच्या हाडाच्या टोकाशी, बोटभर सांध्याने. बाकी सगळं बरगड्यांवर तरंगतं. त्याला १७ स्नायू चिकटलेत आणि ते स्नायू त्याला हवं तसं ओढतात, सरकवतात, फिरवतात. आमच्या गाडीचं इंजिन चेसिसला बोल्टने बांधलेलं असतं. इथे बोल्टच नाही. सगळा कारभार दोऱ्यांवर.

मी विचारलं, "यात आकडा कुठाय?" या हाडाला नव्हता. छप्पर बऱ्यापैकी सपाट होतं. सई म्हणाली की सपाट, वाकडं आणि आकड्याचं असे तीन प्रकार बिग्लियानी नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९८६ मध्ये मांडले. परीक्षेला हमखास येतं. "पण काका, आमच्या मॅडम म्हणतात त्यावरून लगेच चाकू उचलायचा नसतो. का, ते मी विसरले. तू दुसऱ्या डॉक्टरांना दाखव ना."

दुसरं मत घ्यायला आमच्या घरात कुणी जात नाही. पहिल्याचा अपमान होतो असं आईला वाटतं. पण ऑपरेशन म्हणजे दोन-तीन महिने घंटी नाही, आणि नंतर कशी वाजेल कोण जाणे. नोव्हेंबरमध्ये एक सुट्टी टाकून परळच्या महापालिकेच्या रुग्णालयात सकाळी सातला रांगेत उभा राहिलो. केसपेपर काढला, साडेअकराला नंबर आला. तोवर बाकावर शेजारी बसलेल्या बाईंच्या मुलीच्या लग्नाची सगळी गोष्ट ऐकून झाली होती.

तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्याच वयाच्या. मी फाइल पुढे केली, त्यांनी ती बाजूला ठेवली. "एक्स-रे नंतर. शर्ट काढा आणि पाठ करा माझ्याकडे." मागे तीन विद्यार्थी. २६ वर्षं मी लोकांच्या पाठी बघत आलो, माझी पाठ इतक्या लोकांनी एकदम कधी बघितली नव्हती. दोन्ही हात सावकाश वर न्या, सावकाश खाली आणा. परत. परत. पाचव्या वेळी एक विद्यार्थी म्हणाला, "उजवा स्कॅप्युला मागे राहतोय. खाली येताना खालचं टोक बाहेर निघतंय." स्कॅप्युला म्हणजे हेच फऱ्याचं हाड.

मग मला म्हणाल्या, "आता तुम्ही काही करू नका, हात सैल सोडा, मी उचलते." त्यांनी हात पूर्ण वर नेला. कळ आली, पण गेला. "म्हणजे आखडलेला नाही. फ्रोझन शोल्डर असता तर तुम्हालाही उचलता आला नसता आणि मलाही नाही. तरी साखर तपासून घ्या, मधुमेह असला की तो प्रकार जास्त होतो." पुढे हात अर्धवट वर, अंगठा खाली, रिकामा डबा पालथा करताना धरतात तसा. वरून दाब दिला. दुखलं, पण हात पडला नाही. "पडला होतात का कधी? आपटलात? अचानक हाताची ताकद गेली?" नाही, नाही, नाही. आमच्याच डेपोतला एक ड्रायव्हर मोरीत घसरून खांद्यावर पडला होता, दुसऱ्या दिवसापासून हात उचलेना. त्याचा स्नायू पार तुटला होता आणि त्याचं ऑपरेशन लगेच करावं लागलं. ते मी सांगितलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "त्याचं योग्यच झालं. ती गोष्ट वेगळी."

आणि मग त्यांनी ते केलं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. माझ्या मागे उभ्या राहिल्या. एक हात खांद्यावर, दुसऱ्या हाताचा तळवा उजव्या फऱ्याच्या खालच्या टोकावर. "आता उचला." मी हात वर नेऊ लागलो आणि त्याच वेळी त्यांनी तळव्याने ते हाड बाहेर आणि वर असं हलकंच ढकललं. हात मधल्या पट्ट्यातून वर गेला. कळ जवळजवळ नाही. मी चक्क मागे वळून बघितलं, यांनी इंजेक्शन-बिंजेक्शन दिलं की काय म्हणून. "परत एकदा, माझ्या मदतीशिवाय." कळ. "मदतीने." नाही. विद्यार्थ्यांनी वहीत लिहून घेतलं. माझं छप्पर तेच, आकडा तोच. तीन महिने मला झोपू न देणारी कळ एका तळव्याने थांबत होती.

मॅडमनी टेबलावरचा प्लास्टिकचा सांगाडा हलवून दाखवला. हात बाजूने पूर्ण वर नेला की साधारण १८० अंश होतात. त्यातले १२० गोळा बशीत फिरून मिळतात आणि उरलेले ६० हे हाड स्वतः फिरून देतं. हे प्रमाण १९४४ सालीच मोजून ठेवलेलं आहे. हाड फिरतं तेव्हा छप्परही वर उचललं जातं. फिरलं नाही तर छप्पर जागेवरच आणि खालून गोळा वर येतोय. "दार उघडलंच नाही तर माणसं आत शिरणार कशी?" मी म्हटलं. "तुमच्या भाषेत तसंच," त्या म्हणाल्या.

मग दोन्ही खांद्यांचे नवे एक्स-रे काढून आणायला सांगितलं. दोन्ही का? मला वाटलं, सरकारी खाक्या. दुपारी तीनला परत गेलो. निवासी डॉक्टर मुलगा संगणकावर रेघा मारत होता. बशीच्या खालच्या कडेपासून वरच्या कडेपर्यंत एक रेघ, आणि त्याच खालच्या कडेपासून छपराच्या बाहेरच्या टोकापर्यंत दुसरी. मधला कोन. झुरिचच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये हा कोन पुढे आणला. साधारण ३० ते ३५ अंश असतो. ३५ च्या वर गेला, म्हणजे छप्पर बाहेर जास्त आलेलं असलं किंवा बशी वर तोंड करून असली, की कफचे स्नायू फाटलेले जास्त आढळतात. ३० च्या खाली असला तर सांध्याची झीज जास्त आढळते. कारण असं देतात की छपराच्या कडेवरूनच दंडावरचा मोठा स्नायू निघतो. कोन मोठा असला की तो गोळ्याला वरच्या बाजूला जास्त ढकलतो आणि मग त्याला बशीत धरून ठेवायला लहान स्नायूंना जास्त राबावं लागतं.

"उजवा ३६," मुलगा म्हणाला.

"बघा," मी म्हटलं, "हाडातच आहे."

"डावा ३८."

मी गप्प. डाव्या छपराचा आकडाही उजव्यापेक्षा ठसठशीत होता, मलासुद्धा दिसला. आणि डाव्या हाताने मी रोज काय करतो? गाडीच्या छताची दांडी धरून उभा राहतो. आठ तास हात वरच. मॅडमनी विचारलं, "डावा कधी दुखलाय?" आयुष्यात नाही.

"म्हणजे आकाराचा काही संबंधच नाही का?" हे मी जरा रागानेच विचारलं असेन. इतके दिवस मिरवलेलं हाड असं हातून जाताना राग येतोच.

त्या म्हणाल्या, संबंध आहे. १९८६ च्या त्या कामात ७१ मृतदेहांचे १४० खांदे बघितले होते आणि पूर्ण फाटलेले स्नायू आकड्याच्या छपराखाली सगळ्यात जास्त सापडले होते. पण फाटलं म्हणजे दुखलंच असं नाही. १९९५ मध्ये काहीही तक्रार नसलेल्या ९६ जणांच्या खांद्यांचे एमआरआय काढले, तर साठीपुढच्यांत निम्म्याहून जास्त जणांचे स्नायू थोडेफार फाटलेले निघाले आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. दुसरं, एकाच एक्स-रेवर दोन डॉक्टर बसवा, एक टाइप टू म्हणेल, दुसरा टाइप थ्री. तिसरं, तो आकडा नेहमीच जन्मजात असतो असं नाही. कधीकधी तिथे चिकटलेल्या अस्थिबंधावर ताण पडून वयाबरोबर हाड वाढत जातं. मग आकड्यामुळे दुखणं की दुखऱ्या खांद्यामुळे आकडा?

मी विचारलं, पहिले डॉक्टर खोटं बोलले का? त्यांनी मान हलवली. अमेरिकेतल्या नीर नावाच्या सर्जननी १९७२ मध्ये हे घासण्याचं गणित मांडलं, छपराचा पुढचा भाग तासायची पद्धत सांगितली, आणि जगभर तेच शिकवलं गेलं. "मीही केलीत ती ऑपरेशनं. लोक बरेही व्हायचे. का बरे व्हायचे, हा प्रश्न उशिरा पडला." ब्रिटनमधल्या ३२ रुग्णालयांत ३१३ रुग्ण घेऊन त्याची परीक्षा झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाचं हाड तासलं, दुसऱ्या गटात फक्त दुर्बीण घालून बघितलं आणि काही न तासता टाके घातले, तिसऱ्या गटावर काहीच केलं नाही. तासलेले आणि न तासलेले यांच्यात फरक नाही. काहीच न केलेल्यांपेक्षा दोघे किंचित बरे, पण जाणवण्याइतका फरक नाही. २०१८ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आमची भेट झाली तेव्हा जेमतेम दोन वर्षंही झाली नव्हती. मला तो दुसरा गट फार आवडला. बिचाऱ्यांचं हाड जसंच्या तसं, आणि घरी सांगत असतील, आता कसं मोकळं वाटतंय.

सोनोग्राफीत छपराखालची बर्सा, म्हणजे पातळ पिशवी, सुजलेली निघाली आणि सुप्रास्पायनेटसची दोरी थोडी विसविशीत. पूर्ण फाटलेलं काही नाही. कागदावर लिहून मिळालं: फिजिओथेरपी, १२ आठवडे, मग परत या.

आता व्यायामाबद्दल. लोकांना वाटतं तिथे यंत्रं लावतात, शेक देतात आणि आपण पडून राहायचं. मला पहिल्या दिवशी काय मिळालं, तर भिंत. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, दोन्ही हातांच्या कडा भिंतीला लावायच्या आणि वर सरकवायच्या, फरा बरगड्यांना धरून पुढे फिरतोय हे जाणवलं पाहिजे. मला काही जाणवत नव्हतं. पाठीमागे डोळे नसतात. फिजिओ मुलगी, सईपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी, माझ्या फऱ्याच्या टोकावर बोट ठेवून म्हणायची, "काका, माझं बोट ढकला." तीन दिवसांनी पहिल्यांदा तिचं बोट ढकललं गेलं. मग कुशीवर झोपून कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर फिरवणं. मग रबरी पट्टा. पट्ट्यांना रंग असतात, पिवळा सगळ्यात सोपा, मग लाल, हिरवा, निळा.

घरी दहा बाय बाराच्या खोलीत मोकळी भिंत नाही. एकीकडे कपाट, एकीकडे देव, एकीकडे टीव्ही, एकीकडे दार. म्हणून मी गॅलरीत भिंतीला हात लावून उभा राहायचो, रात्री दहाला, ड्युटीवरून आल्यावर. पहिल्या आठवड्यात शेजारच्यांनी विचारलं, पोलिसांनी झडती घेतली का. दुसऱ्या आठवड्यात चाळीतली चार पोरं माझ्या शेजारी रांगेत हात वर करून उभी. पट्टा दाराच्या कडीला बांधायचो, त्यामुळे तो अर्धा तास घरात कुणी यायचं नाही की बाहेर जायचं नाही. आमच्या हिने त्याला कर्फ्यू असं नाव ठेवलं.

तिसऱ्या आठवड्यात मी माती खाल्ली. लाल पट्टा सोपा वाटायला लागला म्हणून कुणाला न विचारता निळा विकत आणला. हिरवा मधे असतो, तो ओलांडून. दोन दिवसांत खांदा ऑगस्टपेक्षा वाईट. चार दिवस भिंतीकडे फिरकलो नाही, आणि पाचव्या दिवशी जुन्या डॉक्टरांचा नंबर शोधत होतो. सईने फोन हातातून घेतला. तिने दिलेला नियम अजून वापरतो: व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते निवलं पाहिजे. निवलं नाही तर आदल्या दिवशी जास्त झालं, एक पायरी खाली ये. निळा पट्टा आईने लोणच्याच्या बरणीच्या फडक्यावर बांधला.

बसमध्येही थोडे बदल केले. आधी मी मागे न बघता, कोपर पाठीमागे जाईल अशी दोरी ओढायचो. आता दोरीकडे वळायचं, कोपर अंगाच्या पुढे ठेवायचं. जमेल तिथे हात बदलायचा. कॅश बॅग एका खांद्यावर न लटकवता तिरकी घालायची. झोपताना डाव्या कुशीवर, आणि उजव्या हाताखाली उशी. यातली उशी सगळ्यात आधी कामाला आली. डिसेंबर उजाडेपर्यंत मी सलग चार तास झोपायला लागलो होतो, आणि ज्याने चार महिने झोप काढली नाही त्याला विचारा चार तास म्हणजे काय.

२६ डिसेंबरला सूर्यग्रहण होतं. मुंबईतून खंडग्रास दिसणार होतं. सकाळी आठलाच चाळीतली तीच पोरं दारात, "काका, एक्स-रे द्या ना, ग्रहण बघायला." मी दिलाही असता, आमच्या लहानपणी आम्ही असंच बघायचो. सईने तो हिसकावून घेतला, डोळे जातील म्हणून पोरांना झापलं, आणि पुठ्ठ्याला भोक पाडून जमिनीवर सूर्याची कोर दाखवली. आई आत पाण्यात तुळशीपत्रं टाकत होती. माझ्या टाइप थ्रीचा तेवढाच उपयोग व्हायचा होता, तोही राहिला.

फेब्रुवारीच्या मध्यावर १२ आठवडे झाले, मधल्या बुट्ट्या धरून. मॅडमनी परत पाठ बघितली. परत तोच तळवा ठेवला, ढकलला, मग काढला. दोन्ही वेळा हात सारखाच वर गेला. मधल्या पट्ट्यात थोडी जाणीव, कळ नाही. नवा एक्स-रे काढायचा का विचारलं तर म्हणाल्या, "कशाला? ३६ चे ३६च असणार." माझ्या हिशेबाने दहा आण्यांतलं सात आणे दुखणं गेलं होतं, उरलेलं तीन आणे जून-जुलैपर्यंत रेंगाळलं. मार्चअखेरीपासून कोरोनाच्या लॉकडाऊनमुळे गाडीत फक्त अत्यावश्यक सेवेतले लोक, एका बाकावर एक. घंटीच कमी वाजायची. तेव्हा शेवटचे ते तीन आणे पट्ट्याने गेले की रिकाम्या गाडीने, हे मी छातीठोक सांगणार नाही.

आता नव्या गाड्यांत दोरी नाही, बटण आहे, अंगठ्याने दाबायचं. उजवा खांदा पावसाळ्यात कधीतरी कुरकुरतो, मग आठवडाभर भिंत. डावा ३८ अंशांचा आहे आणि त्याला त्याची खबर नाही.

सई पास झाली. हाडांची पेटी तिने ज्युनिअरला दिली त्या रविवारी घरी मटण होतं. तिने ताटातलं फऱ्याचं हाड उचललं, चाटून पुसून साफ केलं आणि मला दाखवायला लागली: बघ काका, शेळीला गळ्याचं हाडच नसतं, त्यामुळे हे छातीच्या बाजूला नुसतं स्नायूंवर लटकतं. बशी खाली तोंड करून, कारण तिला हात वर करायचाच नाही, पायावर उभं राहायचंय. आणि छप्पर बघ, किती आखूड. मी ते ट्यूबलाइटसमोर धरून बघत होतो.

"जेवताना तरी ती हाडं ठेवा रे," आई म्हणाली, "रस्सा निवतोय."